दातकाकू आणि सुळ्याची दाढ

दातकाकूंना मेलेल्या हरणाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालताना ज्यानं एकदा पाहिलं, तो पुन्हा त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलायच्या भानगडीत पडत नाही. अपवाद एकच, त्यांचा नवरा. आता याला धाडस म्हणायचं की सवय, यावर गावात दोन मतं आहेत.

डोंगराखालच्या वळणावर, टायरवाल्याच्या दुकानाला लागून, वनखात्याची पत्र्याची शेड आहे. शिकारीच्या हंगामात सकाळपासून तिथं गाड्या लागतात. गाडीचं फळकूट खाली पडतं आणि हरणं धपाधप उतरवली जातात: जिभा बाहेर, डोळे उघडे, पोटातून अजून वाफ निघतेय. सिमेंटच्या फरशीला मधोमध पन्हळ आहे आणि रबरी नळी दिवसभर चालू असते, तरी संध्याकाळपर्यंत पन्हळीतलं पाणी काही पांढरं होत नाही. या सगळ्याच्या मध्यभागी गमबूट आणि रबरी एप्रन घालून दातकाकू उभ्या असतात. सुरीनं गालाची कातडी कानापर्यंत फाडायची, दातांच्या फटीत लोखंडी पाचर ठोकायची, पाचरीचा दांडा अंगाचा भार देऊन फिरवायचा. जबडा कडकन तुटतो. त्या आवाजानं नव्या शिकाऱ्यांपैकी एखादा दरवर्षी खाली बसतो. काकू त्याच्याकडे न बघता दाढांवरून अंगठा फिरवतात आणि त्या झिजेवरून जनावराचं वय सांगतात, "साडेचार," किंवा "नऊ, बिचारा, चावायला काही उरलंच नव्हतं."

यापूर्वी त्या एका दंतवैद्याच्या मदतनीस होत्या. तिथं दात दुखणारे लोक ओरडायचे, हे त्यांना आवडायचं नाही. "इथली गिऱ्हाइकं समजूतदार आहेत," त्या म्हणतात.

शेडमध्ये रंगाचे दोन डबे आहेत, एक हिरवा आणि एक लाल. जंगलात हरणं फार झाली की झाडांची सालं शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून मारायची परवानगी मिळते. पण नर मारायचा तो एकतर म्हातारा किंवा अगदीच कुचकामी. ऐन उमेदीतल्या नराला हात लावायचा नाही. योग्य जनावर मारलं की काकू त्याच्या कवटीवर हिरवा ठिपका लावतात. चुकीचं मारलं की लाल. लाल ठिपक्याची कवटी शिकाऱ्याच्या नावानिशी भिंतीवर लागते आणि त्याची बंदूक तीन हंगाम खात्याच्या कपाटात जाते. भिंतीवर असे पाच-सहा जण आहेत. ते शेडमध्ये येतात तेव्हा उलट्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.

तेव्हा खरी परीक्षा असते ती जनावर जिवंत असताना, लांबून, चार पायांवर उभं असताना त्याचं वय ओळखायची. हंगामाच्या आधी काकू नव्या परवानेवाल्यांना हे शिकवतात.

"शिंगांचे फाटे मोजू नका," त्या सुरुवातच तिथून करतात. "शिंगं दरवर्षी गळतात, दरवर्षी नवी येतात. चांगलं खाल्लं तर फाटे जास्त, उपाशी राहिला तर कमी. फाटे मोजून वय सांगणं म्हणजे ताटातल्या चपात्या मोजून माणसाचं वय सांगणं. शिंगं झाका आणि खालचं जनावर बघा. तरण्याचे पाय उंच वाटतात, कारण पोट वर असतं. पाठ सरळ, मान वर. वय झालं की छाती आणि मान एकच होते, पोट लोंबतं, पाठ मध्ये बसते, डोकं खाली घालून चालतो, गळ्याखालची कातडी सैल पडते. कळत नसेल तर आमच्या घरी या, एक नमुना सोफ्यावर बसलेला असतो."

नमुना त्या वेळी पहिल्याच रांगेत बसलेला असतो आणि सगळ्यांबरोबर हसतो. त्याला गाव कप्तान म्हणतं. तो सिमेंटच्या मिक्सरची गाडी चालवतो आणि शिकाऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या आहे. त्याला म्होरक्या कुणी नेमलं, हे कुणालाच आठवत नाही. पण शिट्टी त्याच्याच गळ्यात असते.

काकूंची ही विद्या शेडपुरती राहत नाही, हीच पंचाईत. एकदा नात्यातल्या मुलीला बघायला आलेल्या नवऱ्या मुलाचं वय बत्तीस सांगितलं गेलं. काकूंनी त्याच्या मानेकडे एकदा पाहिलं आणि चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "एक्केचाळीस." मुलाच्या मामानं खुर्ची उचलली. ती काकूंना लागायची, पण मध्ये कप्तान आला. टाके पडले, लग्न मोडलं, आणि नंतर कळलं की मुलगा बेचाळीसचा होता. "एका वर्षानं चुकले," असं काकूंना आजही वाईट वाटतं. टाक्यांबद्दल त्या काही म्हणत नाहीत.

तर गेल्या हंगामात याच कप्तानाला एका नरानं भोसकलं.

नर माजावर आले होते. त्या दिवसांत ते खात नाहीत, झोपत नाहीत. नुसते डरकाळ्या फोडतात, चिखलात लोळतात आणि एकमेकांच्या बरगड्या मोडतात. कप्तान एका पायवाटेवर वाकून बुटाची नाडी बांधत होता. मागून काहीतरी आलं, त्याला उचलून झुडपात आपटलं आणि मांडीत शिंग अडकल्यामुळे त्याला तसंच काट्याकुट्यातून ओढत नेलं. कप्तानानं कमरेची सुरी काढून मागे आंधळेपणानं फिरवली. ती कानाला लागली. जनावर झटक्यात सुटलं आणि पळालं. कप्तानाला दिसलं ते एवढंच: चिखल, स्वतःचं रक्त आणि एक फाटलेला कान.

पण सलूनमध्ये एवढ्यावर भागत नाही. सलून दातकाकूंच्या धाकट्या भावाचं आहे, म्हणजे न्हावी कप्तानाचा मेहुणा. तिथं बसून कप्तान गोष्ट सांगायला लागला. पायाला पट्टी होती तेव्हा नराला आठ फाटे होते. कुबड्या सुटेपर्यंत दहा झाले. नुसतं लंगडणं उरलं तोवर बारा फाट्यांचा, जंगलाचा आजोबा शोभेल असा महाकाय म्हातारा नर उभा राहिला होता, आणि कप्तान नाडी बांधत नव्हता, तो त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा होता.

"दाजी," न्हावी वस्तरा थांबवून विचारायचा, "डोळ्याला डोळा भिडवला होता, तर भोक मागच्या बाजूला कसं?"

"आरपार गेलं होतं," कप्तान म्हणायचा.

दातकाकूंना मात्र पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. रोज त्या जखमेत औषधाची पट्टी बोटानं आत सारायचं काम त्यांच्याकडे होतं. फाटेवाल्या शिंगानं मांडीची चाळण होते. ही जखम एकच होती, सरळ, खोल, गोल, सुई टोचावी तशी. असं भोक फक्त सुळ्या पाडतो. सुळ्या म्हणजे ज्याच्या शिंगांना फाटेच नसतात, डोक्यावर नुसते दोन भाले. पहिलीच शिंगं फुटलेलं पोर बहुधा असंच असतं. पण नवऱ्याच्या मांडीत भोक असताना त्याच्या गोष्टीतही भोक पाडावं, एवढ्या त्या निर्दय नव्हत्या. त्या पट्टी आत सारत राहिल्या आणि फाटे वाढत राहिले.

यंदाच्या हंगामात एका संध्याकाळी कप्तान घरी आला तो उजळलेल्या चेहऱ्यानं.

"सापडला," तो म्हणाला.

"कोण?" काकू भांडी घासत होत्या.

"म्हातारा. घळीच्या वरच्या अंगाला. कान फाटलाय डावा. उद्या संपवतो त्याला." त्यानं फोन काकूंच्या नाकासमोर धरला.

काकूंनी हात पुसून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. पडद्यावर एक भलाथोरला नर मान ताणून ओरडत होता.

"हा म्हातारा नाही," त्या म्हणाल्या. "सहाचा असेल."

"मान बघ की त्याची. पिंप आहे."

"मान माजानं फुगलीय. सलूनमध्ये बसलात की तुमचीही फुगते. पाठ बघा, फूटपट्टी ठेवावी अशी आहे. पोट वर आहे. पाय बघा. हा म्हातारा असेल तर मी सोळा वर्षांची आहे."

"आणि कान?"

"या दिवसांत कान शाबूत असलेला नर दाखवा मला. अहो, याला मारलंत तर लाल ठिपका मी लावणार. माझ्या हातानं."

"नवऱ्याला लाल ठिपका?"

"कवटीला. नवऱ्याचं नंतर बघू."

कप्तानानं बंदूक टेबलावर ठेवली. त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली होती. "यानं मला वर्षभर लंगडा केलाय. मी याला सोडणार नाही."

तेव्हा काकूंच्या तोंडून निघून गेलं. "यानं तुम्हाला मारलेलंच नाही. एक भोक होतं, अहो. एक. मी रोज त्यात बोट घालत होते. तुम्हाला सुळ्यानं मारलं, कुठल्या तरी पोरानं."

कप्तानानं गॅसवरची कढई उचलून भिंतीवर मारली. कढई भिंतीवरून उडाली आणि खिडकीची काच घेऊन बाहेर गेली. काकूंनी उत्तरादाखल कुकरचं झाकण फेकलं, ते कपबशांच्या फळीवर बसलं आणि सगळी फळी खाली आली. त्या घरात भांडणाचा एक नियम होता: फेकायचं, पण माणसावर नाही. त्या संध्याकाळी नियम पाळला गेला, भांडी मात्र फार उरली नाहीत. शेवटी दोघंही धापा टाकत काचांच्या मध्ये उभी राहिली.

"पोरानं," कप्तान म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "मग माझ्याकडे काय राहिलं गं?"

हे काकूंना लागलं. गोष्ट गेली आणि वर बंदूकही गेली, तर उरणार होता तो एक लंगडा मिक्सरवाला, भिंतीकडे तोंड करून उभा. गोष्टीचं त्यांना काही करता येत नव्हतं. बंदूक मात्र वाचवता आली असती. म्हणून पहाटे कप्तान निघाला तेव्हा त्याही गमबूट घालून गाडीत जाऊन बसल्या.

"तू कशाला?"

"काचा झाडायचा कंटाळा आलाय," काकू म्हणाल्या.

उजाडताना दोघं घळीच्या कडेला पालथी पडली होती. समोर, हाकेच्या अंतरावर, मोठा नर उभा होता. चिखलानं काळा झालेला, तोंडाला फेस, अंगाला मुताचा उग्र वास. तो ओरडला की खालचे दगड हलल्यासारखे वाटत होते. कप्तानानं पिशवीवर बंदूक टेकवली.

"अहो, पाठ बघा," काकू कुजबुजल्या.

"गप्प बस."

"नुसती पाठ बघा."

कप्तानाचं बोट चापावर गेलं. त्याचा डोळा नळीमागे स्थिर झाला, श्वास थांबला. काकूंनी हे हजार वेळा पाहिलं होतं; आता हाक मारून उपयोग नव्हता, आणि हात मारला तर गोळी कुठंही गेली असती. जवळ होता तो त्याचा कान. काकूंनी तो दातात धरला आणि जबडा मिटला.

कप्तानाचं बोट चापावरून उडालं. रक्त कॉलरवरून खाली आलं. तो ओरडणार, तोच खालून काटक्या मोडल्याचा आवाज आला आणि झुडपातून दुसरा नर बाहेर पडला. अंगानं मोठ्याच्या निम्मा. लांब पाय, बारीक मान, आणि डोक्यावर दोन सरळ भाले.

मोठा नर वळला. फाटेवाले नर भांडतात तेव्हा शिंगात शिंग अडकतं, दोघं रेटारेटी करतात, हरलेला पळतो आणि बहुतेक वेळा सगळे जिवंत घरी जातात. मोठ्यानं त्या रिवाजानं डोकं खाली केलं. सुळ्याला रिवाज माहीत नव्हता. त्याचे भाले मोठ्याच्या फाट्यांमधून, दाराच्या फटीतून हात घालावा तसे, सरळ आत गेले. एक गळ्याच्या मुळाशी रुतला. मोठ्यानं मान झटकली तशी जखम फाटत गेली. तो मागे सरकला, तर सुळ्या बाजूनं आला आणि बरगड्यांत घुसला. एकदा, पुन्हा, पुन्हा. मोठ्याच्या नाकातून लाल फेस आला. त्याचे पुढचे गुडघे टेकले. तो पडला तरी सुळ्या थांबेना. पडलेल्या देहात तो शिंगं खुपसत होता आणि बाहेर काढताना आतडी ओढत होता.

मग वारा फिरला. सुळ्यानं रक्तानं माखलेलं डोकं वर केलं आणि थेट या दोघांकडे पाहिलं.

"मारा," काकू म्हणाल्या.

सुळ्या चढ चढून येत होता, डोकं खाली घालून. कप्तानाची पहिली गोळी खांद्याला लागली आणि हाड फुटल्याचा आवाज झाला. तो तीन पायांवर येतच राहिला. कप्तान गुडघ्यांवर उठला. दुसरी गोळी छातीत, इतक्या जवळून की केस जळाले. तो कोसळला तो त्यांच्या पिशवीवरच. खूर झाडताना त्यानं थर्मास चेपला आणि कप्तानाच्या त्याच लंगड्या पायावर एक सणसणीत लाथ घातली. काकूंनी त्याच्या मानेवर गुडघा रोवला आणि सुरी आत घालून फिरवली. गरम रक्त दोघांच्या बाह्यांत शिरलं, मग सगळं थांबलं.

डावा कान त्यांच्यासमोरच होता. फाटलेला नव्हता, कापलेला होता. मुळापासून टोकापर्यंत एका रेषेत, सुरीनं कापावा तसा.

कप्तानानं तो कान दोन बोटांत धरून उलगडला. नंतर त्यानं शिंगाच्या टोकाला बोट लावलं आणि दुसरा हात नकळत मांडीवर गेला.

"बारीक आहे गं," तो म्हणाला.

काकूंनी पदरानं त्याचा कान दाबून धरला. "दुखतंय?"

"शेडमध्ये काय सांगणार?"

"दात सांगतील ते."

"चार म्हणता येणार नाही?"

"नाही."

"साडेतीन?"

"अहो, भाजी आहे का ही? माझ्या शेडमध्ये आजवर वय कमी-जास्त झालेलं नाही. माझं सोडून."

दुपारी शेड गच्च भरली होती. दोन गोळ्यांचा आवाज खालपर्यंत गेला होता, आणि न्हाव्यानं गाडी आणली तेव्हा वाटेत भेटेल त्याला सांगितलं होतं की दाजींनी गेल्या वर्षीचा हिशेब चुकता केला. बारा फाट्यांचा आजोबा बघायला टायरवालासुद्धा जॅक टाकून आला होता. फरशीवर दोन जनावरं पडली होती. लोक मोठ्याभोवती जमले.

"हा मी मारलेला नाही," कप्तान म्हणाला.

काकूंनी मोठ्याचा जबडा आधी फोडला. कडकन. अंगठा फिरवला. "सहा," त्या म्हणाल्या. कप्तानानं लाल डब्याकडे पाहिलं आणि कानावरची पट्टी चाचपली. मग तो काकूंच्या बाजूला एक पाऊल सरकला.

मग सुळ्या. गालाची कातडी फाटली, पाचर आत गेली, दांडा फिरला. काकू वाकल्या. दाढा पांढऱ्याशुभ्र होत्या, कडा अजून धारदार. एका नव्या दाढेच्या डोक्यावर जुन्या दुधाच्या दाढेचा पापुद्रा टोपीसारखा अडकून राहिला होता. तो त्यांनी चिमट्यानं काढला आणि ताटलीत टाकला. टिंग असा आवाज झाला.

"किती, काकू?" मागून कुणीतरी विचारलं.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना पाय सुजलेला, कान बांधलेला, पाठ मध्ये बसलेला, पोट लोंबणारा एक नर दिसला.

"अडीच," त्या म्हणाल्या. "सुळ्या आहे, कुचकाम्यांत जमा, कोणत्याही वयाचा चालतो. हिरवा."

शेडमध्ये सगळ्यांची नजर त्या सरळ कापलेल्या कानावर गेली. न्हाव्याचे ओठ हलले. त्याला वजाबाकी येत होती, हेच दुर्दैव.

"म्हणजे दाजी, गेल्या वर्षी हा..."

"दीड," कप्तान म्हणाला.

कुणी हसलं नाही. हसायची सगळ्यांची तयारी होती, फक्त पहिला कोण, एवढंच ठरायचं होतं. नळीचं पाणी पन्हळीतून वाहत होतं. कप्तानानं ताटलीतली दुधाची दाढ उचलली, उजेडात धरली, फिरवून पाहिली. आणि काकूंना त्याच्या मानेत काहीतरी भरत चाललेलं दिसलं.

"दीड वर्षाचा," तो सावकाश म्हणाला. "तोंडात दुधाच्या दाढा. आणि शंभर किलोचा माणूस उचलून झुडपात फेकतो, अं? म्हातारे काय, म्हातारे सगळेच भोसकतात. तुमच्यापैकी कुणाला दुधाचे दात असलेल्या जनावरानं असं भोसकलंय? सांगा. आहे कुणी?"

कुणीच नव्हतं. टायरवाल्यानं मान हलवली आणि "खरंय," म्हणाला. न्हाव्यानं हात कपाळाला लावला. काकू हिरव्या डब्यात ब्रश बुडवत होत्या. त्यांचे खांदे हलत होते, ते हसण्यानं की रडण्यानं, हे पाठमोरं कळत नव्हतं.

ती दाढ आता कप्तानाच्या गळ्यात शिट्टीशेजारी लटकते. सलूनमधली गोष्ट चालूच आहे, फक्त उलट्या दिशेनं. महिन्याभरात सुळ्या दीडचा सव्वाचा झाला. मग एक वर्षाचा. परवा तर म्हणे आई पलीकडेच चरत होती आणि भोसकून झाल्यावर तो तिला प्यायला धावला.

"आणि कानाचं काय, दाजी?" गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत न्हावी विचारतो. "कानाचा लचका कुणी तोडला?"

कप्तान कानाच्या उरलेल्या पाळीवरून बोट फिरवतो. "ते मोठ्या जनावराचं काम."

"वय किती असेल त्याचं?"

"ते मी सांगत नसतो," कप्तान दाराकडे बघून घेत म्हणतो. "दुसरा कान अजून आहे."